परकोटाच्या आंतील जुनें घर



चंद्रपुरांत घर घ्यावयाचें म्हटलें कीं हल्लीं बहुतेकांची नजर परकोटाच्या बाहेर जाते. तुकूम, वडगांव ह्या बाजूंस नवीन ले-आऊट पडले, रुंद रस्ते झाले, दाराशीं मोटार उभी राहूं लागली. आणि भानापेठ, घुटकाळा, समाधी वॉर्ड, पठाणपुरा ह्या जुन्या वस्त्यांतील लहान घरें मागें पडलीं. त्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांची किंमतही कमी. ज्याच्या गांठीं थोडीच पुंजी आहे आणि ज्याला बाजार, शाळा, दवाखाना, देऊळ हीं पायीं गांठतां यावींत असें वाटतें, तो मनुष्य मग ह्या घरांकडे वळतो. नुकताच नोकरीस लागलेला तरुण, लहानसा दुकानदार, सेवानिवृत्त होऊन जिने चढण्यास कंटाळलेला गृहस्थ, हें ह्या घरांचें गिऱ्हाईक. ह्यांपैकीं कोणाजवळही एकदां फसल्यावर दुसरें घर घेण्याइतका पैसा नसतो. तेव्हां असें घर पाहावयाचें कसें आणि त्याची किंमत ठरवावयाची कशी, ह्याविषयीं आज बोलण्याचें योजिलें आहे.

मी अभियंता नव्हें आणि वकीलही नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांना गणित व भूगोल शिकविलेला मास्तर आहें. परंतु हींच मुलें मोठीं झाल्यावर घरें घेऊं लागलीं, आणि 'गुरुजी, जरा पाहावयास चला' म्हणून मला नेऊं लागलीं. त्यामुळें गेल्या कांहीं वर्षांत परक्या लोकांच्या माळ्यांवर चढण्याचा आणि मोऱ्यांत डोकावण्याचा योग मला वारंवार आला आहे.

पहिली गोष्ट ही कीं घर पाहण्याच्या आधीं जमीन पाहावी. घर दुरुस्त होतें. जमीन दुरुस्त होत नाहीं. आपल्या शहराची ठेवण श्रोत्यांना ठाऊकच आहे. गोंड राजांनीं बांधलेला सुमारें ११ किलोमीटर लांबीचा परकोट. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा हे चार दरवाजे. पश्चिमेकडून इरई, पूर्वेकडून झरपट, आणि दक्षिणेस दोघींचा संगम. म्हणजे राजांनीं शहर दोन नद्यांच्या बेचक्यांत वसविलें. शत्रूपासून रक्षणास हें फार चांगलें. पावसाळ्यांत मात्र ह्याच नद्या शत्रूचें काम करितात. इरईवर वीजकेंद्रासाठीं बांधलेलें धरण आहे. अतिवृष्टि झाली म्हणजे धरणाचे दरवाजे उघडावे लागतात, आणि त्याच वेळीं पुढें वर्धा नदी फुगलेली असली तर इरईचें पाणी पुढें न सरकतां मागें फुगतें. २००६, २०१३ आणि २०२२ ह्या सालांत पठाणपुरा व बिनबा दरवाजांबाहेरील सखल भागांत काय झालें तें अनेकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून घर दाखविणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो ह्या तीन वर्षांविषयीं. आणि त्याच्या उत्तरावर विसंबूं नये, शेजाऱ्यालाही विचारावें. विकणारा म्हणेल, 'येथें पाणी कधींच येत नाहीं.' शेजारी म्हणेल, 'येते जी, पण दुसऱ्या पायरीपर्यंतच.' दोघांपैकीं ज्याला दलाली मिळावयाची नाहीं त्याचें उत्तर बहुधा खरें असतें. भिंतीवर, विशेषतः दारामागें व कपाटामागें जेथें रंगाचा हात नीट पोंचत नाहीं तेथें, पुराच्या पाण्याची आडवी मळकट रेषा पुष्कळदां सांपडते. शिवाय पाटबंधारे खात्याच्या नकाशांत नदीकांठीं दोन रेषा आंखलेल्या असतात. २५ वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची ती निळी आणि १०० वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. आपलें घर ह्या रेषांच्या आंत कीं बाहेर, हें महानगरपालिकेच्या नगररचना विभागांत विचारून घ्यावें. निळ्या रेषेच्या आंतलें घर कितीही स्वस्त असलें तरी घेऊं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

दुसरें संकट जमिनीखालचें. आपला जिल्हा कोळशावर वसला आहे. महाकाली, लालपेठ, रयतवारी हीं नांवें कोळशाच्या खाणींचीं म्हणूनही प्रसिद्ध आहेत, आणि ह्या खाणी शहराला अगदीं लागून आहेत. जुन्या भुयारी खाणींतून कोळसा काढून घेतल्यावर पोकळी रेतीनें नीट भरली गेली नाहीं, तर वरची जमीन वर्षानुवर्षांनीं खचूं शकते. ही नुसती भीति नव्हे. २६ ऑगस्ट २०२२ रोजीं घुग्घुसच्या आमराई वॉर्डांत एक नांदतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. साठ ते ऐंशी फूट खोल खड्डा पडल्याचे आंकडे तेव्हां वृत्तपत्रांतून आले होते. घरांतल्या माणसांना हादरा वेळीं जाणवला व तीं बाहेर पळालीं म्हणून बचावलीं. तेव्हां शहराच्या कडेचें घर घेतांना खालीं जुनी खाण आहे काय, ह्याची चौकशी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कचेरींत लेखी अर्ज देऊन करावी. पुष्कळ लोकांना असा अर्ज देतां येतो हेंच माहीत नसतें.

तिसरी गोष्ट परकोटाचीच. परकोट हें केंद्र सरकारनें संरक्षिलेलें प्राचीन स्मारक आहे. २०१० सालीं प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणें अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिषिद्ध व त्यापुढील २०० मीटरांचा पट्टा नियंत्रित समजला जातो. प्रतिषिद्ध पट्ट्यांत नवीन बांधकाम करतां येत नाहीं. १६ जून १९९२ च्या पूर्वींचें जें घर असेल त्याची दुरुस्ती करतां येते, पण तीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन. नियंत्रित पट्ट्यांत बांधकाम होतें, परंतु परवानगी लागतेच. आतां परकोटाच्या पायथ्याशींच जुनीं स्वस्त घरें दाटीनें आहेत! घर पाडून तेथें दुमजली बांधूं, असा मनांत बेत करून जो असें घर घेतो त्याची पुढें फार कुचंबणा होते. घर पाडलें तर पुन्हां बांधतां येत नाहीं, आणि न पाडावें तर तें राहण्याजोगें नाहीं. ह्याचा किंमतीवर कसा परिणाम होतो तें पुढें हिशेबांत सांगतों.

आतां घराकडे वळूं. घर पाहावयास जातांना मी पिशवींत चार वस्तु नेतों: गवंड्याचा ओळंबा, एक दाभण, मुलांच्या खेळांतली एक गोटी आणि विजेरी. दलाल हंसतात, हंसूं द्यावें.

जुन्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, दीड-दोन फूट जाडीच्या असतात. लोकांना त्या पाहून वाईट वाटतें, पण ह्या भिंतींची मला भीति वाटत नाहीं. उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हां हीच जाड माती दुपारचें ऊन अडवून धरते. मातीच्या भिंतीचा शत्रु एकच, तो म्हणजे ओल. भिंतीच्या पायथ्याशीं हात-दीड हात उंचीपर्यंत पोपडे सुटले असतील, पांढरी क्षाराची पूड धरली असेल, बोटानें खरवडतांच माती भुरभुरून पडत असेल, तर पाणी जमिनींतून वर चढत आहे असें समजावें. अशा वेळीं ओलीचें मूळ शोधावें. कधीं तें शेजाऱ्याच्या मोरींत असतें, कधीं रस्ता दरवर्षीं उंच होत गेल्यामुळें घर खड्ड्यांत गेलेलें असतें, आणि आमच्या विदर्भांत तर तें फार वेळां खिडकींतल्या कूलरांत असतें. चार महिने कूलर चालतो, त्याचें पाणी भिंतीवर ठिबकतें, आणि दहा उन्हाळ्यांत ती भिंत आंतून चिखल होते. कूलरच्या खालची भिंत दाभणानें टोंचून पाहावी. नव्या रंगाला भुलूं नये. विक्रीच्या तोंडावर लावलेला रंग हा पुष्कळदां पोपड्यांवरचा पदर असतो.

ओळंबा भिंतीला लावून पाहावा. दहा फूट उंचीच्या भिंतींत इंचभर झोंक असला तर जुन्या घराला तो क्षम्य आहे. तीन इंच असला तर ती भिंत उतरवून पुन्हां बांधण्याचा खर्च हिशेबांत धरावा. गोटी फरशीवर ठेवावी. ती सगळ्या खोल्यांतून एकाच कोंपऱ्याकडे धावूं लागली तर त्या कोंपऱ्याखालीं कांहीं तरी खचत आहे. एके ठिकाणीं गोटी स्वयंपाकघराच्या मध्यावर जाऊन थांबली, आणि चौकशी केल्यावर कळलें कीं तेथें पूर्वीं विहीर होती व ती कचरा टाकून बुजविली होती. जुन्या वाड्यांचे भाग पाडून जेथें लहान घरें झालीं आहेत तेथें ही शंका अवश्य घ्यावी.

भेगांच्या बाबतींत लोक नको तेथें घाबरतात आणि हवें तेथें घाबरत नाहींत. गिलाव्यांतील केंसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा निरुपद्रवी असतात. परंतु खिडकीच्या कोंपऱ्यापासून तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनीं वर जाणारी आणि वरच्या बाजूस रुंद होत गेलेली भेग पाया हलल्याची खूण आहे. ती जुनी व थांबलेली कीं अजून वाढणारी, हें पाहण्याची साधी युक्ति अशी: भेगेवर आडवी चुन्याची किंवा प्लॅस्टरची एक टिकली लावून तिच्यावर तारीख घालावी. महिन्या-दोन महिन्यांनीं टिकली तडकली असेल तर भेग जिवंत आहे. उघड्या खाणींतील सुरुंगांनीं ज्या वस्त्यांत खिडक्यांचीं तावदानें वाजतात, तेथें ही परीक्षा विशेष करावी. विकणारा एवढे दिवस थांबत नाहीं म्हणतात. मला असा अनुभव आहे कीं जुन्या घराला गिऱ्हाईकें दारांत रांग लावून उभीं नसतात.

लांकडाविषयीं थोडें अधिक बोलावेंसें वाटतें, कारण ह्या दोन जिल्ह्यांच्या जुन्या घरांतील खरी संपत्ति तीच आहे. बल्लारपूर व आलापल्लीच्या सागवानाची कीर्ति आपण जाणतां. २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं ह्याच भागांतील सागवान गेलें. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं सामान्य माणसाच्या घरांतही खांब, तुळया आणि चौकटी ह्याच लांकडाच्या असत. चांगलें मुरलेलें सागवान शंभर वर्षें सहज टिकतें, आणि उधईही त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाहीं. पण सर्व लांकूड सागवान नसतें. वासे व पाटण पुष्कळदां हलक्या लांकडाचे असतात, आणि तेथें उधई शिरलेली असते. म्हणून बोटाच्या पेरानें ठोकून ऐकावें. भरींव आवाज आला तर बरें. पोकळ आवाज आला तर दाभण खुपसून पाहावें. तुळईचें टोंक जेथें भिंतींत शिरतें ती जागा सर्वांत महत्त्वाची. तेथें ओल धरून लांकूड कुजतें, आणि बाहेरून तुळई धडधाकट दिसत असतांही तिचा आधार नाहींसा झालेला असतो. विजेरीचा उपयोग तेथें होतो. गडचिरोलीकडील जुन्या घरांत भिंतीही बांबूच्या कुडाच्या व वरून मातीनें लिंपलेल्या आढळतात. तेथें खांब सोडून बाकी घराची किंमत धरण्यांत अर्थ नाहीं.

छपराचें पाहूं गेल्यास जुनें कवेलूंचें छप्पर हें थंडाव्याला उत्तम, पण त्याला दरवर्षीं मृगाच्या आधीं कवेलू फेरण्याचा खर्च आहे, आणि वानरांचा उपद्रव निराळाच. वानरांची एक टोळी अर्ध्या तासांत पाव छप्पर निकामी करूं शकते! ह्याच त्रासाला कंटाळून लोकांनीं पत्रे घातले, आणि मग मे महिन्यांत घराची भट्टी झाली. ह्या दोहोंपेक्षां मला अधिक भय वाटतें तें मातीच्या भिंतींवर मागाहून टाकलेल्या सिमेंटच्या स्लॅबचें. ज्या भिंती कवेलूंचा भार वाहण्यासाठीं उभ्या केल्या त्यांच्या डोक्यावर कित्येक टनांचा भार ठेवावयाचा, आणि खालीं खांबांचा आधार द्यावयाचा नाहीं, असें काम पुष्कळ घरांत झालेलें आहे. घर दिसावयाला 'पक्कें' दिसतें व त्याची किंमतही तशीच सांगतात. स्लॅबच्या खालून गंजाचे तांबूस डाग, सळई उघडी पडलेली, सिमेंटचे तुकडे सुटलेले दिसले, तर अशा पक्क्या घरापेक्षां मोडकें कवेलूंचें घर मी पत्करीन. येथें मात्र माझ्यासारख्या मास्तराच्या मतावर विसंबूं नये. चार-पांच हजार रुपये देऊन जाणत्या अभियंत्याला दाखवावें.

संडास, सांडपाण्याची वाट, नळाच्या पाण्याची वेळ व जोर, विजेच्या तारांचें वय, ह्या गोष्टी कोणीही पाहील. त्यांत वेळ घालवीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं घर एकदां भर उन्हाळ्यांत दुपारीं दोन वाजतां आणि एकदां जोराच्या पावसांत पाहावें. दिवाळीनंतरच्या गुलाबी थंडींत सगळींच घरें चांगलीं दिसतात. आणि सकाळीं ओट्यावर बोट फिरवून पाहावें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांत गणिलें होतें. बोटाला किती काळें लागतें ह्यावरून घरांत दम्याचें माणूस असेल तर त्यानें काय तें ठरवावें.

आतां किंमतीचा हिशेब. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पठाणपुऱ्याकडे घर पाहिलें होतें. ६०० चौरस फूट जागा, त्यांत ४५० फुटांचें बांधकाम, कवेलूंचें छप्पर, सागवानी खांब. मागणी सोळा लाखांची. तो म्हणाला, "गुरुजी, बाहेर तीस लाखांखालीं कांहीं मिळत नाहीं. हें अर्ध्यांत मिळतें आहे."

मी म्हटलें, "अरे, कशाच्या अर्ध्यांत? आधीं मांडून पहा, मग अर्धें कीं दुप्पट तें बोल."

आम्हीं ओसरींत बसून असें मांडलें. गल्लींतील अलीकडच्या नोंदलेल्या व्यवहारांवरून जागेचा दर १८०० रुपये फूट धरला, म्हणजे जागेचे १०,८०,००० रुपये. हे व्यवहार सूची क्रमांक दोनमध्यें पाहावयास मिळतात. दलालाच्या तोंडचा दर घेऊं नये, आणि सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता हा मुद्रांकापुरता असतो, तोही प्रमाण मानूं नये. मग घराचे दोन निरनिराळे हिशेब केले. पहिला, घर दुरुस्त करून राहावयाचें. एवढेंच नवें घर बांधावयास ७,२०,००० रुपये लागते. दुरुस्त केलेलें जुनें घर त्याच्या निम्मा काळ टिकेल असें धरलें तर त्याची किंमत ३,६०,०००. पण दुरुस्तीलाच छप्पर, मागची भिंत, वीज व संडास मिळून ४,५०,००० लागत होते. म्हणजे घराची किंमत शून्याच्याही खालीं ९०,००० नें गेली. जागेसह एकूण ९,९०,०००. दुसरा हिशेब, घर पाडून नवें बांधावयाचें. तेव्हां जागेचे १०,८०,०००, त्यांत सागवान विकून येणारे १,२०,००० मिळविले आणि पाडण्याचे व मलबा वाहण्याचे ५०,००० वजा केले, झाले ११,५०,०००. ह्या दोन रकमांपैकीं मोठी ती जास्तींत जास्त किंमत. म्हणजे साडेअकरा लाखांवर एक पैसाही देणें म्हणजे घरमालकाला देणगी देणें होय.

परंतु दोर लावून मोजलें तेव्हां घर परकोटापासून ७० मीटरांवर भरलें! म्हणजे पाडून बांधण्याचा मार्गच बंद, आणि त्याबरोबर दुसरा हिशेबही बाद. उरली ती ९,९०,००० ची रक्कम. आणि ज्या जागेवर पुन्हां बांधतां येत नाहीं तिला गल्लींतल्या इतर जागांचा दर लावणेंही बरोबर नव्हतें, म्हणून आम्हीं त्यांतूनही कांहीं कमी केलें. घरमालकीण आजी फार समंजस होत्या. हिशेबाचा कागद त्यांच्या पुढें ठेवला तेव्हां त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या सासऱ्यानं बांधलं हो हे घर. तुम्ही तर त्याला शून्याखाली नेऊन ठेवलं." मला उत्तर सुचलें नाहीं. विद्यार्थीच म्हणाला, "आजी, घराची नाही जी, दुरुस्तीची किंमत मांडली आहे." अखेर नऊ लाख साठ हजारांवर दोघांचें जुळलें.

तरी व्यवहार व्हावयास आणखी पांच महिने गेले, आणि तें कागदांमुळें. घर आजींच्या यजमानांच्या नांवावर, यजमान वारलेले, दोन मुलगे सही करावयास तयार. "मुलगी?" असें मीं विचारलें तेव्हां सगळे एकमेकांकडे पाहूं लागले. मुलगी लग्न होऊन बालाघाटकडे गेली होती आणि 'तिचा काय संबंध?' असाच सर्वांचा समज. वडिलांच्या मिळकतींत मुलीचा वारसाहक्क १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यापासूनच आहे; वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतही २००५ च्या दुरुस्तीनें ती जन्मतः मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली, आणि २००५ सालीं वडील हयात नसले तरी हा हक्क आहेच असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें दिला. तिच्या सहीवांचून केलेलें खरेदीखत तिच्या हिश्शापुरतें लंगडें राहतें. जुन्या शहरांतील घरें स्वस्त असण्याचें निम्में कारण हेंच आहे: चार भिंती आणि चौदा वारस. मुलगी आली, तिनें आपला वांटा रोख घेतला व आनंदानें सही केली. भावांचीं तोंडें थोडीं उतरलीं. त्याला आमचा इलाज नव्हता.

आमच्या भागांत जमिनीच्या नोंदीचे तीन प्रकार विशेष तपासावे लागतात. आखीव पत्रिका नगर भूमापन कचेरींतून ताजी काढावी. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, मग ती पन्नास वर्षांची कां असेना. पत्रिकेवर 'नझूल' असा शेरा असेल तर जमीन सरकारची असून घरवाला केवळ पट्टेदार आहे. मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेली ही पद्धति. पट्टा बहुधा तीस वर्षांचा. त्याची मुदत संपली आहे काय, भूभाटक थकलें आहे काय, हस्तांतराला परवानगी लागते काय, हें पाहावें. नागपूर व अमरावती विभागांतील अशा निवासी जमिनी मालकी हक्काच्या करून घेण्यासाठीं २०२४ सालीं शासनानें सवलतीची खास अभय योजना काढली. तिची मुदत सध्यां चालू आहे कीं कसें, हें जिल्हाधिकारी कचेरींत विचारावें, आणि रूपांतराचा खर्च विकणाऱ्याच्या माथीं घालावा. दुसरा प्रकार आदिवासी खातेदाराच्या जमिनीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ ह्या कलमांप्रमाणें अशी जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवांचून घेतां येत नाहीं, आणि ही तरतूद त्या लोकांच्या रक्षणार्थ असल्यामुळें तिला बगल देण्याच्या युक्त्या सांगणाऱ्या दलालाला दारांतूनच परत पाठवावें. तिसरा प्रकार 'झुडपी जंगल' ह्या नोंदीचा. गडचिरोली काय किंवा चंद्रपूर काय, जागेवर एकही झुडूप नाहीं, घरें उभीं आहेत, आणि कागदावर जंगल आहे, असें आढळतें. अशा जमिनी कायद्यानें वनच होत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २२ मे २०२५ रोजीं दिला आहे. ही नोंद दिसली तर पुढें एक पाऊलही टाकूं नये.

घरांत भाडेकरू असेल तर तो निघून जाईल ह्या आश्वासनावर खरेदी करूं नये. तो निघाल्यावर करावी. शेजारच्या घराशीं सामाईक भिंत असेल, किंवा त्याच्या खिडकीला आपल्या अंगणांतून वीस वर्षें उजेड मिळत आला असेल, तर ती आपल्याला बंद करतां येत नाहीं. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा मुंबई इलाख्यास लागू होण्यापूर्वींच आपल्या मध्यप्रांतास लागू होता, त्यामुळें आपल्याकडे हे हक्क जुने आहेत. आणि नोटरीपुढें केलेला करार, मुखत्यारपत्र, 'कब्जापावती' असल्या कागदांवर स्वस्त वस्त्यांत जे व्यवहार होतात त्यांनीं मालकी येत नाहीं. शंभर रुपयांवरील स्थावराला नोंदलेलें खरेदीखतच पाहिजे.

राहिली इसाराची गोष्ट. रक्कम ठरतांच विकणारा इसार मागतो, व गिऱ्हाईक घर हातचें जाईल ह्या भीतीनें लाख-दोन लाख देऊन बसतें. इसार अवश्य द्यावा, पण लहान द्यावा आणि धनादेशानें द्यावा. इसारपावतींत एवढें लिहून घ्यावें कीं तीस वर्षांचा शोध, सर्व वारसांच्या सह्या, नझूल व पुरातत्त्वाचे दाखले ह्यांपैकीं कांहीं उणें निघाल्यास इसार पूर्ण परत मिळेल. त्यानंतर स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर नोटीस देऊन पंधरा दिवस वाट पाहावी. माझ्या विद्यार्थ्याच्या नोटिशीला चौदाव्या दिवशीं एक हरकत आली. मागच्या गल्लींतील एका गृहस्थाचें म्हणणें होतें कीं त्यांच्या सांडपाण्याची नाली ह्या घराच्या बोळांतून चाळीस वर्षें जात आहे. जाऊन पाहिलें तों खरेंच जात होती, आणि मागच्या भिंतीला जी ओल होती ती तिचीच. नालीला सिमेंटचा पाईप घालण्याचा खर्च दोघांनीं निम्मा-निम्मा वांटून घेतला, तसें खरेदीखतांत लिहिलें, आणि पावसाळ्याच्या आधीं छपराचें काम सुरू झालें.